सजावटी गिलाव्यावर तोच डाग, तोच पोपडा पुन्हा पुन्हा: कारण कुठे शोधायचं आणि शेड कशी काढायची

हॉलमधल्या एका भिंतीवर स्टुको किंवा मार्मोरिनो, म्हणजे थापीने घोटून संगमरवरासारखा दिसणारा सजावटी गिलावा, केला. पहिला आठवडा भिंत देखणी दिसते. मग एका संध्याकाळी दिव्याचा उजेड बाजूने पडतो आणि स्विचबोर्डभोवतीचा गडद चौकोन डोळ्यांत भरतो. डोक्याच्या वर, हात उंचावून काम केलं तिथे, फिकट आडवा पट्टा. पावसाळा अर्धा सरला की खिडकीखाली नखाएवढा पोपडा सुटतो, आणि त्याच्या कडेला बोट लावलं की तळहाताएवढा निघून येतो. रंगारी येऊन तेवढ्याच जागी हात मारून जातो. दोन महिन्यांनी डाग त्याच जागी, आणि सोबत दुरुस्तीच्या कडेची रेघ.

अशा वेळी शेडला, मालाला किंवा हाताला दोष दिला जातो. बहुतेक वेळा दोष खालच्या भिंतीचा असतो: ती एका जागी पाणी घटाघटा पिते, दुसऱ्या जागी थेंबही घेत नाही. सजावटी गिलाव्याचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्यातलं पाणी किती वेगाने जातं, यावर त्याची शेड, चमक आणि ताकद तिन्ही ठरतात. जिथे भिंत पाणी ओढते तिथे थर आधी घट्ट होतो, त्यावर थापी फिरली की चमकतो आणि गडद दिसतो. शेजारी थर अजून ओलाच असतो, तिथे तीच थापी माल नुसता इकडून तिकडे सरकवते, चमक येत नाही, जागा फिकट राहते. डबा एक, हात एक, तरी रंग दोन. म्हणून त्या डागावर त्याच शेडचा आणखी एक हात देऊन काही साधत नाही.

आधी पोपडा उलटा करून पाहा

पोपडे सुटत असतील तर दुकानात जाण्यापूर्वी एक मोठा पोपडा सावकाश काढा आणि उजेडात त्याची मागची बाजू बघा. खालचा कोणता थर हरला, ते तिथे लिहिलेलं असतं.

मागे जुना रंग चिकटून आला असेल, तर नवा गिलावा नीट धरला होता. जुन्या रंगानेच भिंत सोडली. असा रंग पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर काहीही टिकणार नाही. मागची बाजू गुळगुळीत, काचेसारखी स्वच्छ असेल, तर गिलाव्याला धरायला खडबडीतपणाच मिळाला नव्हता: प्रायमर चुकला किंवा चमकदार रंग न घासताच काम झालं. मागे पांढरी पूड असेल आणि ती बोटाला लागत असेल, तर खाली डिस्टेंपर, चुन्याची सफेदी किंवा घासल्यावर न पुसलेली पुट्टी आहे. मागे पिवळसर, किंचित चिकट, साबणासारखा थर दिसला तर ऑइल पेंटवर चुन्याचा माल लावला गेला आहे. चुन्याचा अल्कलीपणा तेलाचा अक्षरशः साबण करतो, आणि साबणावर गिलावा कसा राहील? पाचवा प्रकार म्हणजे पोपडा आपल्याच जाडीत मधून फाटतो, अर्धा हातात येतो, अर्धा भिंतीवर राहतो. तिथे गिलाव्याचाच दोष आहे: फार लवकर वाळला, एका हातात फार जाड लागला, किंवा रंगद्रव्य प्रमाणाबाहेर गेलं.

खिडकीखालचा, बाथरूमच्या पाठीमागचा किंवा तळमजल्यावर जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतचा पोपडा असेल तर आधी ओल तपासा. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. आतल्या बाजूला दमट थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीची हवा दमट आहे. पहिल्या प्रकारात गिलाव्याचं काम थांबवा आणि छज्जा, नळाचा सांधा किंवा बाहेरच्या भिंतीची भेग आधी दुरुस्त करा. त्यानंतरही ९ इंची विटांची भिंत पूर्ण वाळायला काही महिने जातात. ही घाई सगळ्यात महाग पडते. भिंतीवर लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर येतात.

भिंतीवर नेमका कोणता रंग आहे

घरमालकाला बहुधा आठवत नाही आणि आधीचा रंगारी सापडत नाही. तीन साध्या चाचण्या पुरतात.

ओला काळा फडका भिंतीवर दहा वेळा घासा. फडक्यावर पांढरी किंवा रंगीत पूड उतरली तर डिस्टेंपर किंवा सफेदी. काही उतरलं नाही तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट जोर देऊन घासा. रंग मऊ पडून बोळ्याला लागला तर प्लास्टिक पेंट, म्हणजे ॲक्रिलिक इमल्शन. बोळा स्वच्छ राहिला आणि भिंत चकाकती असेल तर ऑइल पेंट धरून चाला. स्पिरिट ज्वालाग्राही आहे, खिडक्या उघड्या ठेवा.

तिसरी चाचणी पकडीची. धारदार ब्लेडने २ मि.मी. अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा रंगाच्या पार खालपर्यंत कापा. त्यावर चिकटपट्टी दाबून लावा, मिनिटभर थांबा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर रंग धरून आहे. दर पाच चौकोनांमागे एक जरी पट्टीबरोबर आला तर त्या भागातला रंग खरवडायचा. ही चाचणी एका भिंतीवर निदान पाच ठिकाणी करा, त्यातली एक खिडकीजवळ आणि एक जमिनीलगत हवीच. मधोमध रंग उत्तम आणि खाली फुटभर सुटलेला, हे नेहमी दिसतं.

नोव्हेंबर २०१७ च्या आधी रंगवलेल्या घरात जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारत ओलाच घासा, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

कुठल्या भिंतीवर कोणता गिलावा

इथे मत स्पष्ट हवं. फ्लॅटमधल्या प्लास्टिक पेंटच्या भिंतीवर पहिली पसंती ॲक्रिलिकवर बांधलेल्या सजावटी गिलाव्याला. जुन्या रंगाशी त्याचं गोत्र एक, पकड चांगली, शेडची हमी जास्त. खऱ्या चुन्याचा मार्मोरिनो किंवा स्टुको त्याच भिंतीवर होतो, पण क्वार्ट्झ प्रायमर (बारीक वाळू मिसळलेला, खरखरीत प्रायमर) दिल्यावर आणि एकूण जाडी २ मि.मी.च्या आत ठेवूनच. त्याहून जाड चुना प्लास्टिकच्या पापुद्र्यावर लोंबकळत राहतो, आपल्या वजनाने आणि आकसण्याने सुटतो.

ऑइल पेंटवर चुना लावू नका. ॲक्रिलिक गिलावाही ऑइल पेंट १२० नंबरच्या सँडपेपरने मंद होईपर्यंत ओला घासून, धुऊन, पकड देणारा प्रायमर मारल्यावरच. डिस्टेंपर आणि सफेदी तर पूर्ण उतरवायची. ‘वरून प्रायमर मारू, धरेल’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. प्रायमर पुडीला धरतो, पूड भिंतीला धरत नाही.

जुन्या वाड्यांच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती वेगळ्या. त्यांचं आरोग्य श्वास घेण्यावर आहे. त्यांच्यावर चढवलेला प्लास्टिक पेंट काढून टाकावा आणि थेट चुन्याचा गिलावा करावा. तिथे क्वार्ट्झ प्रायमरचीही गरज नसते, भिंत ओली करून घेतली की पुरे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या अशा भिंतीवर ॲक्रिलिक म्हणजे पाण्याला आत कोंडणं.

मोरोक्कोचा ताडेलाक्त (पाण्याला दाद न देणारा, घोटलेला चुन्याचा गिलावा) पाहून तसाच बाथरूम हवा असतो अनेकांना. तो रंगवलेल्या भिंतीवर होत नाही. त्याला चुन्याचा जाड, पिणारा थर खाली लागतो, गोट्याने घोटावा लागतो आणि ऑलिव्ह तेलाचा साबण चुन्याशी मिसळून वरचा थर बंद करतो. रंगावर केलेला ‘ताडेलाक्त’ दिसायला तसा असेल, पाण्याला तसा नाही.

पिण्याची भूक सारखी करणं

पट्ट्यांचा आणि चौकोनांचा खरा इलाज हा. वायरिंगची खाच सिमेंटने भरलेली, तिच्यावर पुट्टी, बाजूला प्लास्टिक पेंटचे चार हात. या तीन जागा तीन पद्धतीने पाणी पितात.

ओल्या ब्रशने भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याचा एक आडवा पट्टा ओढा आणि मागे उभं राहून बघा. चकाकी सगळीकडे एकाच वेळी गेली तर भिंत तयार आहे. खाचेवर दहा सेकंदांत चकाकी उडाली आणि शेजारी दोन मिनिटं राहिली, तर उद्या तिथे डाग येणार हे आजच कळलं.

क्रम असा ठेवा:

१. सुटा रंग खरवडा. राहिलेल्या रंगाच्या कडा १२० च्या पेपरने उतरत्या करा, हात फिरवल्यावर पायरी लागायला नको.
२. खड्डे आणि खाचा भरा, पुट्टी पूर्ण वाळू द्या. हवा दमट असेल तर एका रात्रीत वाळत नाही. हाताला गार लागते तोवर ती ओलीच आहे.
३. भरलेल्या जागांना आधी पातळ ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात, मध्ये चार तास. मग संपूर्ण भिंतीला एक हात. पुन्हा पाण्याचा पट्टा ओढून बघा.
४. फरक अजून दिसत असेल तर पूर्ण भिंतीवर पुट्टीचा एक पातळ, सलग हात ओढा, घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, प्रायमर मारा. तुकड्या-तुकड्याने पुट्टी देऊन फरक जात नाही.
५. शेवटी क्वार्ट्झ प्रायमर रोलरने, एकाच दिशेने. २४ तास वाळू द्या. तळहात फिरवल्यावर २२० च्या पेपरसारखं खरखरीत लागायला हवं.

तयार क्वार्ट्झ प्रायमर जवळपास मिळत नसेल तर एक लिटर चांगल्या ॲक्रिलिक प्रायमरमध्ये साधारण ३०० ग्रॅम बारीक चाळलेली सिलिका वाळू मिसळून काम होतं. वाळू तळाशी बसते, दर पाच मिनिटांनी ढवळा. वाळू हाताळताना नाकावर मास्क हवा. आणि प्रायमरलाही शेवटच्या शेडची फिकी छटा द्या. पांढऱ्या प्रायमरवर गडद गिलावा केला की थापीच्या प्रत्येक ओरखड्यातून पांढरं डोकावतं.

शेड काढणं: अंदाजाने नाही, वजनाने

चुन्याचा अल्कलीपणा साधारण १२.५ पीएचचा. त्यात सगळे रंग जगत नाहीत. लोखंडाची ऑक्साइडं टिकतात: पिवळं, लाल, तपकिरी, काळं. हिरव्यासाठी क्रोम ऑक्साइड. निळ्यासाठी कोबाल्ट निळा पक्का पण महाग; चांगल्या प्रतीची अल्ट्रामरीन नीळ बऱ्यापैकी टिकते, मात्र आम्लाने मरते, म्हणून तशा भिंतीजवळ लिंबू किंवा व्हिनेगर घातलेलं पुसायचं पाणी फिरवू नका. कपड्यांची द्रवरूप नीळ रंगद्रव्य नसून डाय (पाण्यात विरघळणारा रंग) असते, तिचा भरवसा धरू नका. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी पडतो. क्रोम पिवळाही नको. काजळी किंवा कार्बनचा काळा पाण्यात नीट भिजत नाही, तरंगत वर येतो आणि हाताला लागत राहतो. काळ्यासाठी काळं लोखंडी ऑक्साइडच घ्या.

गेरू, काव, पिवळी माती यांचा गोडवा कारखान्यातल्या ऑक्साइडला येत नाही, हे खरं. पण त्यांची ताकद बरीच कमी, दर पोत्याला शेड वेगळी आणि काहींत क्षार असतात. मातीचा रंग वापरायचाच असेल तर पूर्ण भिंतीचा एकदम घ्या, चाळा, आणि एक चमचा माती भांडंभर पाण्यात ढवळून निवळू द्या. वरचं पाणी काळ्या ताटलीत आटवल्यावर पांढरी पापडी राहिली तर ती माती बाजूला ठेवा.

आता प्रमाण. १२ बाय १० फुटांची भिंत म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. १ मि.मी. जाडीला चौरस मीटरमागे दीड ते पावणेदोन किलो माल लागतो. दीड मि.मी. एकूण जाडीसाठी २५ ते २९ किलो. ३० किलो करा. साधं मिश्रण धरू: १५ किलो मुरवलेला चुना, १५ किलो बारीक मार्बल पावडर. मुरवलेल्या चुन्यात वजनाने साधारण निम्मं पाणीच असतं, म्हणजे कोरडा चुना साडेसात किलो. रंगद्रव्याची वरची मर्यादा कोरड्या चुन्याच्या १० टक्के, इथे ७५० ग्रॅम. त्याच्या पुढे गेलात की चुना रंगाच्या कणांना बांधून ठेवू शकत नाही, आणि महिनाभराने पाठ टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर शेड उमटते.

नमुना काढताना २०० ग्रॅम मिश्रणाचे चार डबे घ्या आणि त्यांत ०.५, १, २ आणि ४ ग्रॅम रंगद्रव्य घाला. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. कारण हिशेब १५० पटीचा आहे: नमुन्यात ०.१ ग्रॅमची चूक म्हणजे ३० किलोत १५ ग्रॅमची. फिकट गुलाबी शेडमध्ये लाल ऑक्साइडचे १५ ग्रॅम डोळ्याला सहज दिसतात.

रंगद्रव्य कोरडं टाकू नका. तेवढ्याच वजनाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी घोटून नायलॉनच्या कापडातून गाळा. हे टाळलं की न फुटलेली एखादी गुठळी थापीखाली येते आणि भिंतीवर वीतभर लांब, केसासारखी बारीक, गडद लाल रेघ ओढली जाते. ती पुसली तर पसरते. तेवढा माल खरवडूनच काढावा लागतो. पाणीही मोजूनच घाला. एका बादलीत पाणी जास्त गेलं की ती बादली वाळल्यावर फिकी दिसते, रंगद्रव्य समान असूनही.

नमुना दोन फूट बाय दोन फुटांच्या सिमेंट शीटवर काढा. शीटला भिंतीचाच प्रायमर, तितकेच हात, तितकीच घोटाई, आणि वाळवताना शीट उभी ठेवा. घोटलेला भाग गडद दिसतो, खरखरीत ठेवलेला फिका. त्यामुळे ‘हीच शेड, पण थोडी रफ’ असं गिऱ्हाईक म्हणालं तर ती शेड आता वेगळी झाली, नमुना नव्याने काढा. चुन्याची ओली शेड वाळल्यावर खूप फिकी होते. सावलीत तीन दिवस थांबा, हेअर ड्रायरवर निर्णय घेऊ नका. ॲक्रिलिकमध्ये उलटं असतं, ओला माल दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर किंचित गडद होतो. शीट त्याच खोलीत, त्याच भिंतीला टेकवून सकाळी आणि रात्री बघा. पिवळ्या एलईडीत उबदार वाटलेला करडा रंग पांढऱ्या एलईडीत हिरवट निघतो.

ॲक्रिलिक गिलाव्याला दुकानातल्या मशीनवर टिंट करून घेणं उत्तम, पण बेस, म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ माल, योग्य हवा. पांढऱ्या बेसमध्ये स्टेनर (दाट द्रवरूप रंग) ओतत राहिलात तर गडद शेड मिळत नाही, खडूसारखी मळकी छटा मिळते, आणि स्टेनरमधल्या ग्लायकॉलमुळे थर कित्येक दिवस मऊ राहतो, नख उठतं. गडद शेडला डीप बेसच, म्हणजे पांढरं कमी असलेला बेस, मागा. हाताने स्टेनर घालायचा तर नळी पिळू नका, सुई नसलेल्या १० मि.ली.च्या सिरिंजने मोजा, आणि डब्यावरची कमाल मर्यादा पाळा.

ढवळायला ड्रिलला लावायचं पातं, वेग कमी. पाच मिनिटं ढवळा, तळ आणि कडा पत्र्याने खरवडून आत घ्या, दहा मिनिटं थांबा, पुन्हा दोन मिनिटं. सगळ्या बादल्या एका मोठ्या पिंपात एकत्र करून परत वाटून घ्या. एकाच भिंतीवर दोन बादल्यांचा सांधा येऊ देऊ नका, दोन्हींवर एकच कोड छापलेला असला तरी.

हाताच्या चुका

आडवा पट्टा बहुतेकदा स्टुलाच्या उंचीवर येतो. तिथे काम थांबलं, माणूस खाली उतरला, स्टूल सरकवलं, तोवर कड वाळली. एका भिंतीला दोघं हवेत, एक वरून, एक खालून, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता. पंखा बंद, उन्हाची खिडकी झाकलेली. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर चुना लावू नये. पाणी उडतं, चुना कच्चा राहतो, बारीक भेगा पडतात. ऐन पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे उलटी अडचण: छिद्रांत पाणीच पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत नाही, चुना घट्ट व्हायला वेळ लागतो आणि वर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा.

घोटाई कधी सुरू करायची, ते अंगठा सांगतो. अंगठा दाबला तर माल बोटाला लागायला नको, पण पुसट ठसा उमटायला हवा. त्याआधी घोटलं तर थर ओरबाडतो. ठसाच उमटत नसेल तर वेळ गेली. जोर दिला की लोखंड झिजून काळपट रेघा पडतात. फिक्या शेडला स्टेनलेस स्टीलची थापी वापरा, शेवटच्या हाताला प्लास्टिकची. आणि भिंतीच्या वरच्या दोन फुटांत हात लांबवून काम केलं की दाब कमी पडतो, शेड फिकी येते. फळी बांधा, म्हणजे काम सगळीकडे छातीच्या उंचीवर येईल.

चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. चष्मा घालाच. गेलाच तर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

मेण लावायची घाई नको. तीन-चार आठवडे थांबा. आधी लावलं तर ओल आत कोंडते, ढगाळ डाग पडतात, आणि मेणावर दुरुस्तीचा माल धरत नाही.

काम झालेलंच असेल तर

पकड पक्की आहे, फक्त शेड फुटली आहे: मेण लावलेलं नसेल तर पूर्ण भिंत २२० च्या पेपरने हलकी घासा, पुसा, पाण्याचा फवारा मारा आणि त्याच शेडचा अर्ध्या मिलिमीटरचा एक सलग हात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्या. नुसत्या डागावर कधीही नाही. ॲक्रिलिकवर पातळ टिंट केलेली ग्लेझ (अर्धपारदर्शक हात) पूर्ण भिंतीवर दिली तरी ढगाळपणा शोभेचाच भाग वाटू लागतो. हा मार्ग स्वस्तही आहे.

हाताला रंग लागतो: चुन्याच्या नव्या भिंतीवर चार दिवस सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. लवकर वाळलेला चुना यात बराच सावरतो. तरीही लागत असेल तर रंगद्रव्य जास्त झालंय, थर उतरवावा लागेल.

पांढरी झाक: थोडी पूड बशीत खरवडून घ्या, पाणी घाला. विरघळली तर क्षार, म्हणजे ओल शोधा. तळाशी बसली तर चुन्याची झाक. ती वाळल्यावर कोरड्या मऊ कापडाने घोटून बरीच कमी होते.

पोपडे तळहातापेक्षा मोठे, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज एका हातभर जागेपलीकडे जातो: भिंत पूर्ण उतरवा.

काम संपल्यावर उरलेला एक-दीड किलो माल टाकून देऊ नका. छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, मालाच्या पृष्ठभागावर प्लास्टिक दाबून बसवा, म्हणजे हवा राहत नाही. झाकणावर मार्करने लिहा: चुना किती, मार्बल पावडर किती, कोणतं ऑक्साइड किती ग्रॅम, पाणी किती, कोणत्या तारखेला. पुढे कुणी टीव्हीसाठी भिंतीत खाच मारली की हाच डबा उघडायचा आहे.